बीगल संघर्ष

बीगल संघर्ष हा दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळील पिक्टन, लेनॉक्स व नुएव्हा ही तीन बेटे आणि त्यांच्या भोवतालचा समुद्र यांच्या मालकीवरून आर्जेन्टिना व चिली या शेजारी देशांत उद्भवलेला सीमावाद होय. विसाव्या शतकाच्या आरंभापासून धुमसत असलेला हा वाद १९७७ च्या आंतरराष्ट्रीय निवाड्यानंतर विकोपाला गेला. डिसेंबर १९७८ मध्ये दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर आणि आरमारे समुद्रात एकमेकांसमोर उभी ठाकली. आर्जेन्टिनाने आखलेली लष्करी मोहीम प्रत्यक्ष चढाईच्या काही तास आधी थांबवण्यात आली. त्यानंतर पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मध्यस्थीने सहा वर्षे वाटाघाटी चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकन येथे शांतता व मैत्री करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. या करारानुसार तिन्ही बेटे चिलीकडे राहिली, तर त्यांच्या पूर्वेकडील समुद्राचा बहुतांश भाग आर्जेन्टिनाला मिळाला.

भौगोलिक स्थान

बीगल सामुद्रधुनी सुमारे २४० किमी लांबीची असून तिची रुंदी सर्वांत चिंचोळ्या जागी सुमारे ५ किमी आहे. तिच्या उत्तरेस तिएरा देल फ्वेगो द्वीपसमूहातील मुख्य बेट, तर दक्षिणेस नाव्हारिनो, ओस्ते इत्यादी बेटे आहेत. उत्तर किनाऱ्यावर आर्जेन्टिनाचे उश्वाइया हे शहर आणि दक्षिणेस नाव्हारिनो बेटावर चिलीचे पुएर्तो विल्यम्स हे गाव वसलेले आहे. १८२६ ते १८३० या काळात या किनाऱ्यांचे सर्वेक्षण करणाऱ्या 'बीगल' या ब्रिटिश जहाजावरून सामुद्रधुनीला हे नाव मिळाले. याच जहाजाच्या दुसऱ्या सफरीत निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी १८३३ मध्ये हा प्रदेश पाहिला. युरोपीय लोक येण्यापूर्वी हजारो वर्षांपासून येथे यागान हे आदिवासी लोक होड्यांतून वावरत असत. पुढे दोन्ही देशांनी या प्रदेशावर हक्क सांगितले, तेव्हा या मूळ रहिवाशांचा विचार कोणीही केला नाही.

पिक्टन, लेनॉक्स व नुएव्हा ही बेटे सामुद्रधुनीच्या पूर्व मुखाशी आहेत. तिन्ही बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ ५०० चौ. किमीपेक्षा कमी आहे. थंड वारे, सततचा पाऊस आणि तुटपुंजी वनस्पती यांमुळे तेथे मोठी वस्ती कधीच झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही काळ सोन्याच्या शोधात लोक आले. त्यानंतर मेंढपाळ आणि आरमाराच्या चौक्या एवढाच मानवी वावर उरला. बेटांचे महत्त्व त्यांच्या जमिनीत नसून स्थानात होते. अटलांटिक व पॅसिफिक हे महासागर जेथे भेटतात, त्या जागेच्या जवळ ही बेटे आहेत.

वादाचे मूळ

स्पेनच्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा खंडाच्या दक्षिण टोकावरील सीमा निश्चित नव्हत्या. आर्जेन्टिना व चिली यांनी २३ जुलै १८८१ रोजी केलेल्या सीमाकरारात अँडीज पर्वतरांगेतील सीमेचे तत्त्व ठरवण्यात आले आणि तिएरा देल फ्वेगोचे मुख्य बेट एका रेखावृत्ताने विभागण्यात आले. ही उभी रेषा उत्तरेकडून खाली येऊन बीगल सामुद्रधुनीला टेकते. सामुद्रधुनीच्या दक्षिणेकडील हॉर्न भूशिरापर्यंतची सर्व बेटे चिलीची, तर तिएरा देल फ्वेगोच्या पूर्वेस अटलांटिकमध्ये असलेली बेटे आर्जेन्टिनाची, असे करारात म्हटले होते.

सामुद्रधुनी पूर्वेकडे नेमकी कोठून जाते, हे मात्र करारात सांगितले नव्हते. तिचा प्रवाह तिएरा देल फ्वेगोच्या किनाऱ्याला समांतर पूर्वेकडे जातो, अशी चिलीची भूमिका होती. तसे मानल्यास तिन्ही बेटे 'सामुद्रधुनीच्या दक्षिणेस' येतात आणि चिलीची ठरतात. आर्जेन्टिनाच्या मते सामुद्रधुनी नाव्हारिनो बेटाला वळसा घालून दक्षिणेकडे वळते. तसे मानल्यास बेटे तिच्या पूर्वेस राहतात आणि अटलांटिकमधील बेटे म्हणून आर्जेन्टिनाकडे जातात. आपल्या बाजूने आर्जेन्टिना १८९३ च्या पूरक कराराचाही दाखला देत असे. चिलीने अटलांटिककडील आणि आर्जेन्टिनाने पॅसिफिककडील कोणत्याही ठिकाणावर हक्क सांगू नये, असे तत्त्व त्या करारात मांडलेले होते. 'आर्जेन्टिना अटलांटिकमध्ये, चिली पॅसिफिकमध्ये' या सूत्राला आर्जेन्टिनाच्या राष्ट्रीय विचारात मोठे स्थान मिळाले. चिलीच्या मते मात्र ते तत्त्व केवळ अँडीजमधील सीमेपुरते होते.

बेटांवर प्रत्यक्ष ताबा चिलीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चिलीने तेथे पशुपालनासाठी परवाने दिले होते आणि प्रशासनही चालवले होते.

पूर्वीचे तणाव

दोन्ही देशांत युद्धाची शक्यता निर्माण होण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८९० च्या दशकात अँडीजमधील सीमेवरून आरमारी शस्त्रस्पर्धा सुरू झाली होती. मे १९०२ मधील करारांनी ती थांबवली. दोन्ही देशांनी आरमारांवर मर्यादा घालून घेतली आणि भावी वाद ब्रिटिश राजसत्तेच्या लवादाकडे नेण्याचे मान्य केले. या समेटाची खूण म्हणून १९०४ मध्ये अँडीजमधील सीमेवरील खिंडीत येशू ख्रिस्ताचा पुतळा उभारण्यात आला.

बीगल परिसरातील तणाव मात्र अधूनमधून डोके वर काढत राहिला. १९५८ मध्ये सामुद्रधुनीतील स्नाइप या निर्जन खडकावर चिलीने दीपस्तंभ उभारला. आर्जेन्टिनाच्या आरमाराने तो उद्ध्वस्त केला आणि खडकावर नौसैनिक उतरवले. अखेर दोन्ही देशांनी पूर्वस्थिती मान्य करून माघार घेतली. नोव्हेंबर १९६५ मध्ये अँडीजमधील लागुना देल देसिएर्तो या सरोवराजवळ आर्जेन्टिनाच्या सीमारक्षकांशी झालेल्या चकमकीत चिलीच्या पोलीस दलातील एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला.

समुद्राचे वाढते महत्त्व

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरी कायद्याच्या संकल्पना बदलल्या आणि वादाचे स्वरूपही बदलले. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर किनारी देशाचा हक्क असावा, हा विचार जगभर रुजू लागला. चिली हा असा दावा करणाऱ्या पहिल्या देशांपैकी एक होता. या तत्त्वानुसार एखादे लहान बेटही हजारो चौरस किलोमीटर समुद्राचे दार उघडू शकत होते. त्या समुद्रात मासे होते आणि तेलाच्या साठ्यांचीही अपेक्षा होती.

याखेरीज दोन्ही देशांनी अंटार्क्टिकाच्या ज्या भागांवर हक्क सांगितले आहेत, ते भाग एकमेकांवर येतात. त्यामुळे दक्षिणेकडील समुद्रावरील वर्चस्वाचा संबंध थेट अंटार्क्टिकावरील दाव्याशी जोडला गेला. चिलीला बेटांमधून अटलांटिकमध्ये २०० मैल शिरकाव मिळेल, ही भीती आर्जेन्टिनाच्या आरमाराला सर्वांत अधिक सतावत होती.

१९७७ चा निवाडा

२२ जुलै १९७१ रोजी चिलीचे राष्ट्राध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे आणि आर्जेन्टिनाचे राष्ट्राध्यक्ष आलेहान्द्रो लानुसे यांच्या काळात हा वाद लवादाकडे सोपवण्याचा करार झाला. १९०२ च्या करारानुसार लवाद ब्रिटिश राजसत्तेचा असावयास हवा होता. परंतु फॉकलंड बेटांवरून आर्जेन्टिनाचा ब्रिटनशीच वाद असल्याने त्यातून मार्ग काढण्यात आला. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांचे मंडळ निर्णय देईल आणि ब्रिटनच्या राणीला तो फक्त स्वीकारता किंवा नाकारता येईल, बदलता येणार नाही, असे ठरले. हे न्यायाधीश अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, नायजेरिया व स्वीडन या देशांचे होते.

२ मे १९७७ रोजी निवाडा दोन्ही सरकारांना कळवण्यात आला. सामुद्रधुनीचे पाणी दोन्ही देशांत विभागण्यात आले आणि पिक्टन, लेनॉक्स व नुएव्हा ही तिन्ही बेटे चिलीची ठरली. अंमलबजावणीसाठी नऊ महिन्यांची मुदत होती. चिलीने निवाडा तत्काळ स्वीकारला. आर्जेन्टिनाने २५ जानेवारी १९७८ रोजी तो मुळातच रद्दबातल असल्याचे जाहीर केले.

दरम्यान दोन्ही देशांत सत्तांतर झालेले होते. चिलीत सप्टेंबर १९७३ पासून जनरल आउगुस्तो पिनोशे यांची हुकूमशाही होती. आर्जेन्टिनात मार्च १९७६ पासून लष्करी मंडळाची सत्ता होती आणि जनरल होर्हे राफाएल विदेला हे राष्ट्राध्यक्ष होते. दोन्ही राजवटींत विरोधकांना तुरुंग, छळ व हत्या यांना तोंड द्यावे लागत होते आणि वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. त्यामुळे युद्धाच्या तयारीवर जाहीर टीका करणे जवळजवळ अशक्य होते. आर्जेन्टिनाच्या लष्करी मंडळात भूदल, नौदल व हवाई दल यांच्या प्रमुखांमध्येही एकवाक्यता नव्हती. राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलेली गोष्ट सेनाधिकारी फेटाळू शकत होते. पुढील घटनांवर याचा निर्णायक परिणाम झाला.

१९७८ : वाटाघाटींपासून युद्धसज्जतेपर्यंत

विदेला व पिनोशे यांची पहिली भेट १९ जानेवारी १९७८ रोजी आर्जेन्टिनातील मेन्दोसा येथे आणि दुसरी २० फेब्रुवारी रोजी चिलीतील पुएर्तो मोन्त येथे झाली. दुसऱ्या भेटीत संयुक्त आयोग नेमण्याचे ठरले. बेटांच्या मालकीचा प्रश्न निवाड्याने निकालात निघालेला असून फक्त समुद्राच्या विभागणीवर बोलणी होऊ शकतात, असे चिलीचे म्हणणे होते. आर्जेन्टिनाला बेटांसह सर्वच प्रश्नांवर चर्चा हवी होती. सहा महिन्यांची मुदत नोव्हेंबरच्या आरंभी संपली, तेव्हा आयोगाच्या हाती ठोस असे काहीच नव्हते.

त्यानंतर चिलीने वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची तयारी दर्शवली. मात्र आपल्या संमतीविना असे पाऊल उचलणे हे युद्धाचे कारण मानले जाईल, अशी आर्जेन्टिनाची भूमिका होती. तेव्हा त्रयस्थाच्या मध्यस्थीचा पर्याय पुढे आला. १२ डिसेंबर १९७८ रोजी चिलीचे परराष्ट्रमंत्री एर्नान कुबियोस आणि आर्जेन्टिनाचे परराष्ट्रमंत्री कार्लोस वॉशिंग्टन पास्तोर यांची बुएनोस आइरेस येथे भेट झाली. पोप यांना मध्यस्थ नेमण्यावर दोघांचे एकमत झाले. त्याच दिवशी लष्करी नेतृत्वाने आपल्याच परराष्ट्रमंत्र्याला स्वाक्षरीस मनाई केली आणि बोलणी फिसकटली.

चिलीची परिस्थिती बिकट होती. लोकसंख्येने आर्जेन्टिना चिलीच्या दुपटीहून मोठा होता. चिलीतील मानवी हक्कांच्या पायमल्लीमुळे अमेरिकेने १९७६ पासून त्या देशाला शस्त्रे देणे बंद केले होते. उत्तरेकडेही धोका होता. एकोणिसाव्या शतकातील पॅसिफिक युद्धात चिलीने पेरू व बोलिव्हिया यांचे प्रदेश जिंकले होते आणि बोलिव्हियाने मार्च १९७८ मध्ये चिलीशी राजनैतिक संबंध तोडले होते. एकाच वेळी तिन्ही शेजाऱ्यांशी लढावे लागेल, हे गृहीत धरून चिलीच्या लष्कराने योजना आखल्या. अँडीजमधील खिंडी आणि दक्षिणेकडील सपाट प्रदेशात भूसुरुंग पेरण्यात आले.

सामान्य लोकांतील युद्धभीती

दोन्ही देशांतील सीमा ५,००० किमीपेक्षा अधिक लांबीची असून ती जगातील सर्वांत लांब भूसीमांपैकी एक आहे. त्यामुळे तीन दुर्गम बेटांवरून सुरू झालेल्या तणावाची झळ हजारो किलोमीटर दूरच्या लोकांनाही बसली. आर्जेन्टिनाच्या काही शहरांत रात्री दिवे मालवून हवाई हल्ल्यापासून बचावाचे सराव करण्यात आले. सैनिकांनी भरलेल्या आगगाड्या दक्षिणेकडे व पश्चिमेकडे रवाना होत होत्या. यांतील मोठा भाग सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणांचा होता. चिलीच्या मागायानेस प्रांतात खंदक खणले गेले आणि पुंता अरेनास शहरात नागरी संरक्षणाची तयारी झाली.

आर्जेन्टिनाच्या पॅटागोनिया प्रदेशातील चिली वंशाच्या लोकांची अवस्था सर्वांत कठीण झाली. चिलोए बेटावरून व दक्षिण चिलीतून आलेले मजूर तेथील मेंढ्यांच्या कुरणांवर, खाणींत व तेलक्षेत्रांत पिढ्यान्‌पिढ्या काम करत होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांचे नातेसंबंध होते. १९७८ मध्ये त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अनेकांना ताब्यात घेण्यात आले आणि देशाबाहेर काढण्यात आले. अनेक कुटुंबांत एक भाऊ एका देशाच्या आणि दुसरा भाऊ दुसऱ्या देशाच्या सैन्यात असण्याची शक्यता होती. प्रत्यक्ष गोळीबार झाला नाही, तरी या समाजाने तणावाची मोठी किंमत मोजली.

दोन्ही देशांतील कॅथलिक बिशपांनी शांततेचे आवाहन केले. कॅथलिक चर्च ही दोन्ही देशांत समान प्रभाव असलेली आणि उघडपणे बोलू शकणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक होती.

ऑपरेशन सोबेरानिया

आर्जेन्टिनाच्या लष्करी मोहिमेला 'ऑपरेशन सोबेरानिया' (सार्वभौमत्व मोहीम) असे नाव देण्यात आले होते. प्रथम वादग्रस्त बेटांवर व हॉर्न भूशिराजवळील बेटांवर सैन्य उतरवायचे आणि नंतर अँडीज ओलांडून चिलीच्या मुख्य भूमीवर चढाई करायची, असे तिचे टप्पे होते. चढाईसाठी २२ डिसेंबर १९७८ हा दिवस ठरला होता.

'व्हेइन्तिसिन्को दे मायो' या विमानवाहू नौकेसह आर्जेन्टिनाचा ताफा दक्षिणेकडे निघाला. ॲडमिरल राउल लोपेस यांच्या नेतृत्वाखाली चिलीचे आरमारही त्याला तोंड देण्यासाठी समुद्रात उतरले. त्याच सुमारास हॉर्न भूशिराच्या परिसरात मोठे वादळ उठले. उंच लाटांमुळे विमानवाहू नौकेवरून विमाने उडवणे व बेटांवर सैनिक उतरवणे अतिशय अवघड झाले.

याच काळात पोप जॉन पॉल दुसरे यांनी दोन्ही सरकारांकडे आपला विशेष दूत पाठवण्याची तयारी दर्शवली. ते १६ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांपूर्वी पोप झाले होते. आर्जेन्टिना व चिली या दोन्ही कॅथलिकबहुल देशांना पोपचा प्रस्ताव उघडपणे नाकारणे शक्य नव्हते. आर्जेन्टिनाच्या लष्करी मंडळाने प्रस्ताव स्वीकारला आणि मोहीम थांबवून ताफ्याला परत फिरण्याचे आदेश देण्यात आले.

सामोरे यांची शिष्टाई आणि मोन्तेव्हिदेओ करार

पोप यांनी या कामासाठी कार्दिनल आंतोनियो सामोरे यांची निवड केली. ७३ वर्षांचे सामोरे हे व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेतील अनुभवी अधिकारी होते आणि लॅटिन अमेरिकेचा त्यांना चांगला परिचय होता. ते २६ डिसेंबर रोजी बुएनोस आइरेसला पोहोचले. पुढील दोन आठवडे बुएनोस आइरेस व सान्तियागो यांच्यात त्यांनी ये-जा केली आणि दोन्ही बाजूंशी स्वतंत्रपणे बोलणी केली.

८ जानेवारी १९७९ रोजी उरुग्वेची राजधानी मोन्तेव्हिदेओ येथे दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. पोप यांना मध्यस्थीची औपचारिक विनंती करणे, बळाचा वापर न करणे आणि सैन्ये टप्प्याटप्प्याने १९७७ च्या आरंभीच्या स्थितीत परत नेणे, ही या कराराची तीन कलमे महत्त्वाची होती. बेटे कोणाची, याबद्दल करारात एक शब्दही नव्हता. जो प्रश्न तेव्हा सुटणे शक्य नव्हते तो बाजूला ठेवून युद्ध टाळणे, एवढेच उद्दिष्ट सामोरे यांनी समोर ठेवले होते.

व्हॅटिकनमधील मध्यस्थी

मे १९७९ पासून दोन्ही देशांची शिष्टमंडळे व्हॅटिकनमध्ये बोलणी करू लागली. लवाद आणि मध्यस्थी यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरला. लवादाचा निर्णय बंधनकारक असतो आणि त्यात एका पक्षाची हार उघड दिसते. मध्यस्थ केवळ सूचना करतो. ती स्वीकारणे पक्षांच्या हाती असते.

१२ डिसेंबर १९८० रोजी पोप यांनी आपला प्रस्ताव दोन्ही देशांच्या प्रतिनिधींना सुपूर्द केला. बेटे चिलीचीच राहावीत, मात्र त्यांच्यालगतचा अरुंद पट्टाच चिलीच्या अधिकारात असावा आणि पलीकडील विस्तीर्ण समुद्र दोन्ही देशांनी सहकार्याने वापरावा, असा त्याचा आशय होता. १९७७ च्या निवाड्यात जमीन व समुद्र एकमेकांशी बांधले गेले होते. या प्रस्तावाने ते प्रथमच वेगळे केले. चिलीने जानेवारी १९८१ मध्ये प्रस्ताव स्वीकारला. आर्जेन्टिनाने मात्र आक्षेप नोंदवले आणि स्वीकृती दिली नाही.

त्यानंतर तणाव पुन्हा वाढला. एप्रिल १९८१ मध्ये हेरगिरीच्या आरोपांवरून झालेल्या अटकांनंतर आर्जेन्टिनाचे तत्कालीन लष्करप्रमुख लेओपोल्दो गाल्तिएरी यांनी चिलीलगतची सीमा बंद केली. एप्रिल १९८२ मध्ये गाल्तिएरी यांच्याच राजवटीने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले. या युद्धात चिलीने ब्रिटनला गुप्तपणे साहाय्य केले. चिलीकडून हल्ला होण्याच्या शंकेमुळे आर्जेन्टिनाला थंड प्रदेशात लढण्यास सरावलेले बरेचसे सैन्य अँडीजच्या सीमेवरच ठेवावे लागले. १४ जून १९८२ रोजी आर्जेन्टिनाच्या सैन्याने फॉकलंडमध्ये शरणागती पत्करली आणि लष्करी राजवटीची प्रतिष्ठा लयास गेली. कार्दिनल सामोरे यांचे ३ फेब्रुवारी १९८३ रोजी निधन झाले. अंतिम तोडगा त्यांना पाहता आला नाही.

सार्वमत आणि १९८४ चा करार

डिसेंबर १९८३ मध्ये आर्जेन्टिनात लोकशाही पुन्हा प्रस्थापित झाली. नवे राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी हा वाद लवकर मिटवण्याचे ठरवले. २३ जानेवारी १९८४ रोजी दोन्ही देशांनी व्हॅटिकनमध्ये शांतता व मैत्रीची संयुक्त घोषणा केली आणि वर्षभरात कराराचा मसुदा तयार झाला.

करारामुळे राष्ट्रीय भूमी गमावल्याचा आरोप होणार, हे आल्फोन्सिन जाणून होते. म्हणून त्यांनी २५ नोव्हेंबर १९८४ रोजी सार्वमत घेतले. ते कायद्याने बंधनकारक नव्हते. प्रमुख विरोधी पक्ष असलेल्या पेरोनवाद्यांतील अनेक नेत्यांनी मतदानावर बहिष्काराचे आवाहन केले. तरीही मोठे मतदान झाले आणि सुमारे ८२ टक्के मतदारांनी कराराच्या बाजूने कौल दिला. चार दिवसांनी आर्जेन्टिनाचे परराष्ट्रमंत्री दान्ते कापुतो व चिलीचे परराष्ट्रमंत्री हाइमे देल व्हाये यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. जनतेचा कौल इतका स्पष्ट असूनही मार्च १९८५ मध्ये आर्जेन्टिनाच्या सिनेटमध्ये करार केवळ एका मताच्या फरकाने संमत झाला. २ मे १९८५ रोजी मान्यतापत्रांची देवाणघेवाण होऊन तो अमलात आला.

करारातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• पिक्टन, लेनॉक्स व नुएव्हा या बेटांवर चिलीचे सार्वभौमत्व कायम राहिले.
• नवी सागरी सीमा अशी आखण्यात आली की, बेटांच्या पूर्वेकडील समुद्राचा बहुतांश भाग आर्जेन्टिनाकडे गेला. ठरावीक क्षेत्रात दोन्ही देशांचा परस्परांविरुद्धचा प्रादेशिक समुद्राचा हक्क ३ सागरी मैलांपुरता मर्यादित करण्यात आला.
• या भागातील जहाजवाहतुकीचे नियम निश्चित करण्यात आले.
• बळाचा वापर करणार नाही, असे दोन्ही देशांनी मान्य केले. भावी वादांसाठी प्रथम थेट बोलणी, मग समेट आयोग आणि शेवटी लवाद, अशी पायऱ्यांची पद्धत ठरवण्यात आली.
• आर्थिक सहकार्य व दळणवळण यांसाठी कायमस्वरूपी द्विराष्ट्रीय आयोग नेमण्यात आला.
• अंटार्क्टिकावरील दाव्यांवर या कराराचा परिणाम होणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले.

मूल्यमापन

बीगल संघर्ष हा युद्धाच्या अगदी जवळ जाऊनही शांततेने मिटलेल्या वादांचे उदाहरण म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात वारंवार येतो. १९७७ चा निवाडा आणि १९८४ चा करार यांत बेटांची मालकी एकाच देशाकडे गेली. तरीही एक फेटाळला गेला आणि दुसरा टिकला. दोहोंमध्ये मुख्य फरक समुद्राच्या विभागणीचा होता. चिलीला बेटे हवी होती आणि आर्जेन्टिनाला अटलांटिकमधील चिलीचा शिरकाव थांबवायचा होता. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्यावर दोन्ही पक्षांना आपली मुख्य गरज पूर्ण करून घेता आली.

दुसरा घटक काळाचा होता. १९७८ मध्ये मध्यस्थीने वादावर तोडगा काढला नाही. तिने फक्त वेळ मिळवून दिला. त्या सहा वर्षांत आर्जेन्टिनाची लष्करी राजवट कोसळली आणि जनतेला विचारून निर्णय घेणारे सरकार आले. चिलीत मात्र १९९० पर्यंत पिनोशे यांचीच सत्ता होती. त्यामुळे दोन्ही देश लोकशाहीवादी झाल्यानेच शांतता नांदली, असे म्हणता येत नाही. हा करार एका लोकशाही सरकारने एका हुकूमशाही सरकारशी केलेला होता. डिसेंबर १९७८ मधील वादळाचा वाटाही दुर्लक्षिता येत नाही, कारण त्याने निर्णयकर्त्यांना मोलाचे काही तास मिळवून दिले.

उत्तरकाळ

करारात ठरवलेली पद्धत पुढे उपयोगी पडली. लागुना देल देसिएर्तोचा वाद १९९४ मध्ये लवादाने आर्जेन्टिनाच्या बाजूने सोडवला आणि चिलीने तो निर्णय पाळला. १९९० च्या दशकात अँडीज ओलांडणाऱ्या नैसर्गिक वायूच्या वाहिन्या टाकण्यात आल्या. २००६ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यासाठी 'क्रुस देल सुर' (दक्षिण क्रॉस) हे संयुक्त लष्करी दल स्थापन केले. नोव्हेंबर २००९ मध्ये कराराच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त चिलीच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेत व आर्जेन्टिनाच्या राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना फेर्नान्देस यांनी एकत्रितपणे व्हॅटिकनला भेट दिली.

न झालेल्या युद्धाचे अवशेष मात्र दीर्घकाळ मागे राहिले. चिलीने आपल्या सीमांवर पेरलेल्या भूसुरुंगांमुळे पुढील काळात सैनिक, सीमा ओलांडणारे लोक व जनावरे बळी पडत राहिली. चिलीने २००१ मध्ये भूसुरुंगबंदी कराराला मान्यता दिली आणि दीड लाखांहून अधिक सुरुंग काढून टाकल्यानंतर २०२० मध्ये आपला देश भूसुरुंगमुक्त झाल्याचे त्याने जाहीर केले. सागरी हद्दीबाबतचे सर्व प्रश्नही संपलेले नाहीत. हॉर्न भूशिराच्या दक्षिणेकडील सागरमग्न खंडभूमीवरून २०२१ मध्ये दोन्ही देशांत पुन्हा मतभेद झाले. परंतु ते राजनैतिक पत्रव्यवहाराच्या पातळीवरच राहिले.

सांस्कृतिक पडसाद

आर्जेन्टिनाचे गायक लेओन हिएको यांचे 'सोलो ले पिदो आ दिओस' हे १९७८ चे गीत या युद्धाच्या सावटात रचले गेले. पुढे ते स्पॅनिशभाषक जगातील सर्वांत परिचित युद्धविरोधी गीतांपैकी एक बनले. २००५ मध्ये प्रदर्शित झालेल्या आलेक्स बोवेन दिग्दर्शित 'मि मेहोर एनेमिगो' (माझा सर्वोत्तम शत्रू) या चिलीच्या चित्रपटात १९७८ मध्ये पॅटागोनियाच्या माळरानावर वाट चुकलेली चिलीच्या सैनिकांची तुकडी आणि समोरच खंदकात बसलेली आर्जेन्टिनाची तुकडी यांची कथा आहे.

चिलीतील ओसोर्नो आणि आर्जेन्टिनातील बारिलोचे या शहरांना जोडणारी अँडीजमधील पुयेवे खिंड १९७८ मध्ये संभाव्य चढाईचा एक मार्ग मानली गेली होती. आज ती दोन्ही देशांतील वर्दळीच्या सीमामार्गांपैकी एक असून 'कार्दिनल आंतोनियो सामोरे खिंड' या नावाने ओळखली जाते.